कोरियातील अल्पपरिचित धर्मपंथ : अभ्यासाची साधने आणि अडचणी

कोरियातील नवे धर्मपंथ म्हटले की परदेशी वाचकापुढे सहसा दोनच नावे उभी राहतात : सामूहिक विवाहसोहळ्यांमुळे जगभर गाजलेले युनिफिकेशन चर्च आणि २०२० साली देगू शहरातील कोरोनाच्या उद्रेकाशी ज्याचे नाव जोडले गेले ते शिनचॉन्जी. हे दोन्ही पंथ ख्रिस्ती परंपरेच्या कडेला उगवलेले आहेत आणि दोहोंची कीर्ती वादंगातूनच पसरलेली आहे. त्यांच्या कितीतरी आधी, १८६० पासून, कोरियाच्या खेड्यांत, डोंगरांच्या कुशीत आणि बंदरांच्या उतारांवर शेकडो देशी पंथ जन्मले, फुटले, एकमेकांत मिसळले किंवा नामशेष झाले. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे देशी पंथ आहेत. त्यांना अल्पपरिचित म्हटले असले, तरी ते सगळेच लहान होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांपैकी एकाचे अनुयायी १९२० च्या दशकात लाखांनी मोजले जात होते. तो पंथ विस्मृतीत का गेला, हा प्रश्न त्याच्या शिकवणुकीइतकाच त्याच्याविषयीच्या कागदपत्रांचाही आहे, आणि म्हणून या प्रस्तावनेत पंथांच्या तत्त्वज्ञानापेक्षा साधनांची चर्चा अधिक केलेली आहे.

आरंभ शब्दांपासून करणे भाग आहे. आज कोरियन भाषेत 'धर्म' या अर्थी 'जोंगग्यो' हा शब्द वापरतात. पण तो जपानमध्ये पाश्चात्त्य कल्पनेचा अनुवाद म्हणून रूढ झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरियात आला. त्यापूर्वी जोसॉन राजवटीतील माणसाजवळ तीन जुने शब्द होते : 'हाक' म्हणजे विद्या, 'दो' म्हणजे मार्ग आणि 'ग्यो' म्हणजे शिकवण. पंथांच्या नावांना हीच शेपटे लागलेली दिसतात, जसे दोंगहाक, तेगुकदो, बोचॉनग्यो. आणि एकच पंथ विद्येपासून शिकवणीकडे आपले नाव बदलत गेला, तर त्यामागे बहुधा राजकीय कारण असते. दोंगहाकने डिसेंबर १९०५ मध्ये चॉन्दोग्यो, म्हणजे 'स्वर्गमार्गाची शिकवण', हे नाव घेतले, ते आपण बंडखोर टोळी नसून आधुनिक जगाला मान्य असा धर्म आहोत हे दाखवण्यासाठीच.

मान्यतेचा हा प्रश्न पुढे कायद्यानेच निकाली काढला. १९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्यात विलीन झाल्यावर गव्हर्नर जनरलच्या सरकारने १९१५ साली धर्मप्रसाराचे नियम जारी केले आणि त्यांत धर्म म्हणजे शिंतो, बौद्ध आणि ख्रिस्ती, अशी व्याख्या घालून दिली. या तिघांचा कारभार शिक्षणखात्याकडे गेला. उरलेल्या सर्वांना 'युसा जोंगग्यो', म्हणजे धर्मासारखे दिसणारे पण धर्म नसलेले गट, असे नाव मिळाले आणि ते पोलिसांच्या देखरेखीखाली आले. एखादा समाज प्रार्थना करतो की कट करतो हे ठरवणे ठाणेदाराच्या हाती गेल्यामुळे त्या काळातील सर्वांत भरघोस माहिती पोलिसी दप्तरांत साठलेली आहे. तिच्यावर आधारलेला मोठा ग्रंथ, मुरायामा चिजुन यांचा कोरियातील 'धर्मसदृश' गटांवरील अहवाल, १९३५ साली सरकारनेच प्रसिद्ध केला. मुरायामांनी त्याआधी कोरियन भुतेखेते, भूमिशकुन, अंगात येणाऱ्या बाया-पुरुष आणि भविष्यकथन यांवर एकेक जाडजूड खंड काढला होता, आणि त्यांच्या टिपणांची बारकाई नाकारता येत नाही. परंतु पंथाची शाखा कोठे, प्रमुख कोण, वर्गणी किती, सभा कधी भरते, हे सारे प्रश्न पाळत ठेवणाऱ्याचे आहेत. मंत्र जपताना माणसाला काय वाटते, हा रकाना त्या तक्त्यात नाही. मुरायामांना वगळून या क्षेत्रात पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्यावर विसंबून तर मुळीच जाता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले, पण संशय लगेच गेला नाही. 'शिनहुंग जोंगग्यो', म्हणजे नव्याने उगवलेला धर्म, या शब्दाला उपटसुंभपणाची छटा होती. तिच्यामुळे अभ्यासकांनी हळूहळू 'शिन जोंगग्यो', नवा धर्म, हा साधा शब्द स्वीकारला. स्वतः पंथांना मात्र 'मिन्जोक जोंगग्यो', राष्ट्रजनांचा धर्म, हे नाव प्रिय आहे, आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या परिषदेच्या नावातही तेच आहे. त्यात जपानी काळातील छळाची आठवण आहे, तशीच प्रतिष्ठेची मागणीही आहे. या ग्रंथात 'नवा धर्मपंथ' हा शब्द योजला आहे तो केवळ सोयीसाठी.

या सर्व पंथांचे व्याकरण दोंगहाकने घडवले, म्हणून त्याची ओळख थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. दोंगहाक म्हणजे पूर्वेची विद्या. पश्चिमेची विद्या म्हणजे कॅथलिक मत, आणि हे नाव त्याला दिलेले उत्तर होते. संस्थापक च्वे जे-उ यांचा जन्म १८२४ साली ग्यॉंगजूजवळ झाला. त्यांचे वडील विद्वान होते, पण आई पुनर्विवाहित विधवा असल्यामुळे राजसेवेच्या परीक्षेचे दार मुलाला बंद होते. ज्या वर्षी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा पेकिंगमध्ये शिरल्या त्याच १८६० च्या वसंतात त्यांना स्वर्गाधिपतीचा आवाज ऐकू आला, एकवीस चिनी अक्षरांचा मंत्र मिळाला आणि कागदावर काढायचे एक चिन्हही मिळाले. हा कागद जाळून त्याची राख पाण्यातून प्यायची असे. १८६४ मध्ये देगू येथे, लोकांना भलत्या मार्गाला लावल्याच्या आरोपावरून, त्यांचा शिरच्छेद झाला. अनुयायी काय जपतात आणि काय पितात याचे सविस्तर टिपण आढळते ते तपास करणाऱ्या प्रांताधिकाऱ्याच्या दरबाराला पाठवलेल्या अहवालात. दुसरे गुरू च्वे सी-ह्यॉंग यांनी चौतीस वर्षे भूमिगत राहून पंथ जगवला. पाठीवर बोचके घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात ते इतके हिंडले की लोक त्यांना 'बोचकेवाले च्वे' म्हणू लागले. संस्थापकाचे चिनी गद्य त्यांनी १८८० मध्ये आणि कोरियन पद्ये १८८१ मध्ये छापून घेतली, म्हणजे हाती असलेला धर्मग्रंथ संस्थापकाच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी डोंगरातल्या लपणीत आकाराला आला. १८९८ मध्ये त्यांनाही फाशी झाली. १८९४ च्या दोंगहाक शेतकरी उठावाचे नेते जॉन बोंग-जुन यांचे विचारही आज प्रामुख्याने वाचायला मिळतात ते त्यांच्या जबानीतून, आणि तीही आरोपीची जबानी आहे.

दोंगहाकपासून पुढच्या जवळजवळ प्रत्येक पंथाने उचललेली कल्पना म्हणजे 'गेब्यॉक'. या शब्दाचा मूळ अर्थ आकाश आणि पृथ्वी प्रथम वेगळी होणे, म्हणजे सृष्टीचा आरंभ; च्वे जे-उ यांनी तो भविष्याकडे वळवला आणि असाच आरंभ पुन्हा होणार असल्याचे सांगितले. आधीच्या कालखंडाला 'सॉनचॉन' आणि येणाऱ्याला 'हुचॉन' म्हणतात. भारतीय वाचकाला येथे युगांची आठवण होईल. परंतु युगचक्रात कली संपून पुन्हा कृतयुग येते, तर हुचॉन एकदाच येते आणि ते कोरियाच्या भूमीतून सुरू होते, हा फरक नजरेआड करू नये.

या ग्रंथाचा मोठा भाग ज्या परंपरेने व्यापला आहे तिचे मूळ पुरुष कांग इल-सुन, पंथीय नाव जुंगसान, हे १८७१ साली जॉल्ला प्रांतातील गोबू तालुक्यात जन्मले. १८९४ चा उठाव याच गोबूत पेटला. तेथील अधिकाऱ्याने मानसॉकबो नावाचा बंधारा लोकांकडून वेठीने बांधून घेतला आणि त्याच लोकांवर पाणीपट्टी बसवली, हे त्याचे तात्कालिक कारण होते. उठाव चिरडला गेला. जुंगसान त्यात सामील नव्हते, पण त्याचा शेवट त्यांनी जवळून पाहिला. १९०१ मध्ये मोआक डोंगरावरील देवॉनसा विहारात त्यांना साक्षात्कार झाला आणि १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'चॉन्जी गोंगसा' करीत राहिले. 'चॉन्जी' म्हणजे आकाश आणि पृथ्वी. 'गोंगसा' हा मात्र कचेरीतला शब्द आहे, सरकारी कामकाजाचा, सुनावणीचा. जुंगसान कागदावर नावे व अक्षरे लिहीत, शिष्यांना साक्षीला बसवत आणि कागद जाळून टाकत. अशा रीतीने त्यांनी विश्वाचा बिघडलेला कारभार नव्याने लावून दिला, अशी श्रद्धा आहे. मृतांच्या मनात साठून राहिलेला डूख हे जगातील सर्व अनर्थांचे कारण आहे आणि तो सोडवल्याशिवाय नवे जग येणार नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. त्याला 'हेवॉन', डूख सोडवणे, म्हणतात. ज्या तालुक्यात कचेरीनेच लोकांना नाडले होते तेथे मोक्षाची भाषा कचेरीची असावी, यात नवल नाही. पूर्वसूरींनी 'गोंगसा' या शब्दाचे तात्त्विक अर्थ पुष्कळ लावले आहेत, त्याची शेतकरी पार्श्वभूमी मात्र क्वचितच पाहिली आहे.

जुंगसान यांच्या नावावर एक लहानसे चित्रलिपीवजा पुस्तक सोडल्यास स्वलिखित असे काही नाही. त्यांच्या वचनांचा पहिला संग्रह ई सांग-हो यांनी १९२६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, हयात शिष्यांना विचारून प्रसिद्ध केला आणि १९२९ मध्ये तो वाढवून 'देसून जॉनग्यॉंग' या नावाने काढला. पुढे देसून जिल्लीह्वे या पंथाची पोथी १९७४ मध्ये आणि जुंगसानदो या पंथाची १९९२ मध्ये आली. प्रत्येक पोथी आधीचीपेक्षा काही वेगळे सांगते, आणि हा वेगळेपणा योगायोगाचा नाही. १९७४ च्या पोथीत जो चॉल-जे यांचे चरित्र येते. जुंगसान यांना ते कधी भेटले नव्हते, पण साक्षात्काराने त्यांचे वारस झाले असे हा पंथ मानतो. १९९२ च्या पोथीत वारसा गो फाल-ल्ये या स्त्रीकडे जातो. जुंगसान यांच्या या पत्नीला १९११ मध्ये शुद्ध हरपून पुन्हा आल्यावर पतीची वाणी फुटली, आणि पांगलेले शिष्य तिच्याभोवती जमून पहिला संघटित पंथ उभा राहिला. एका पोथीत जगन्माता असलेली ही बाई दुसरीत नाममात्र उरते. लीळाचरित्राच्या पिढीपाठांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला या गुंत्याचे फारसे आश्चर्य वाटू नये; तेथल्याप्रमाणे येथेही मूळ पाठ शोधण्यापेक्षा, कोणता पाठ कोणत्या शाखेला का हवा होता हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

या परंपरेतील मुख्य मंत्राचा आरंभ 'हुम्' या अक्षराने होतो, आणि त्यासाठी वापरलेले चिनी चिन्ह तेच आहे ज्याने बौद्ध ग्रंथांत संस्कृत 'हूं' हे बीजाक्षर लिहितात. एका कोरियन शेतकऱ्याच्या जपात अशा रीतीने दूरचा संस्कृत ध्वनी शिल्लक राहिला आहे. जपानी पोलिसांना मात्र त्यात केवळ विचित्र पुटपुट ऐकू आली आणि मंत्राच्या पहिल्या अक्षरांवरून त्यांनी या लोकांना 'हुम्चीग्यो' म्हणायला सुरुवात केली.

गो फाल-ल्ये यांचे मावसभाव चा ग्यॉंग-सॉक यांनी काही वर्षांतच पंथाची सूत्रे आपल्या हाती घेतली आणि बोचॉनग्यो हा पंथ उभा केला. त्यांचे वडील दोंगहाकचे नेते होते आणि १८९४ च्या उठावानंतर मारले गेले होते. १९२१ मध्ये चा यांनी ह्वांगसॉक डोंगरावर स्वर्गाला उद्देशून मोठा विधी केला आणि नव्या राज्याचे नाव जाहीर केले. लोक त्यांना 'सम्राट चा' म्हणू लागले. पंथाचा दावा साठ लाख अनुयायांचा होता. तो फुगवलेला मानला, तरी १९२० च्या दशकात कोरियातील सर्वांत मोठ्या संघटनांत बोचॉनग्योची गणना करावी लागते. जॉंगउपजवळच्या त्याच्या वसाहतीत राजवाड्याच्या तोलाची सभागृहे उठली. मुख्य सभागृहाचे नाव 'सिबिलजॉन', म्हणजे दहा-एक सभागृह; चिनी लिपीत दहा आणि एक ही अक्षरे एकाखाली एक लिहिली की 'माती' हे अक्षर होते, आणि पंचतत्त्वांत माती मध्यस्थानी असते. १९२९ मध्ये ते पुरे झाले, पण त्याचा प्रतिष्ठापनविधी पोलिसांनी होऊ दिला नाही.

बोचॉनग्योविषयी साधने भरपूर आहेत आणि ती परस्परांना छेद देतात. सरकारी कागदांत स्वातंत्र्यासाठी निधी गोळा केल्याबद्दल अनुयायांच्या अटकेच्या नोंदी सापडतात. त्याच पंथाच्या नेत्यांनी १९२५ मध्ये जपानधार्जिणी संघटना काढून व्याख्यानांचे दौरे केल्याचेही दिसते. कोरियन भाषेतील राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्याला भोळ्या शेतकऱ्यांची लूट म्हणून झोडपले, आणि त्या टीकेत शहरी सुधारकाची खेडुताविषयीची अढीही होती. अलीकडच्या काही लेखनात पंथाला स्वातंत्र्यलढ्याच्या पंक्तीला बसवण्याचा उत्साह दिसतो. तोही तपासूनच घ्यावा. दडपणाखालची मोठी संघटना एकाच वेळी दोन्ही दगडांवर पाय ठेवते, हे गृहीत धरले तर कागदपत्रांतील विसंगती बरीचशी उलगडते.

१९३६ मध्ये चा वारले, सरकारने पंथ बरखास्त केला आणि इमारती लिलावात निघाल्या. सिबिलजॉनचे लाकूड सोलला नेऊन १९३८ मध्ये त्यातून एका बौद्ध विहाराचे मुख्य मंदिर उभारण्यात आले. तोच आजचा जोग्येसा, कोरियन बौद्धांच्या सर्वांत मोठ्या संप्रदायाचे मुख्यालय. शहराच्या मधोमध असलेल्या या मंदिरात बुद्धजयंतीच्या कंदिलांखाली रोज हजारो माणसे जातात. डोक्यावरच्या तुळया आणि भोवतीचे जाडजूड खांब एका निराळ्याच देवासाठी तासलेले होते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. चा यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९३७ मध्ये, बेकबेकग्यो नावाच्या एका गटाच्या म्होरक्यांनी तीनशेहून अधिक अनुयायांचे खून केल्याचे उघडकीस आले. तो प्रकार भयंकर होता यात वाद नाही. पण त्यानंतर सगळ्याच पंथांना एका मापाने मोजण्याची सवय समाजाला लागली, आणि बोचॉनग्योची बाजू ऐकायला कोणी उरले नाही.

ज्या पंथांचे कागद नाहीत त्यांचा माग जागांवरून लागतो. ग्येर्योंगसान हा डोंगर भावी राजधानीचे ठिकाण असल्याचे जुने भाकीत होते. जोसॉन राजवंशाच्या संस्थापकाने १३९३ मध्ये तेथे राजवाड्याचे काम सुरू करून सोडूनही दिले होते, आणि ते पायाचे दगड पाहून त्याखालच्या सिंदोआन खोऱ्यात विसाव्या शतकात असंख्य लहानमोठे पंथ येऊन वसले. १९७० च्या दशकात सरकारने तेथे 'सफाई' केली, आणि १९८३ नंतर लष्करी मुख्यालयासाठी संपूर्ण खोरे रिकामे केले. आज ती जागा कुंपणाआड आहे. बुसानमधील गामचॉन हे रंगीबेरंगी घरांचे गाव २००९ नंतर पर्यटकांच्या छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झाले. पण डोंगरउतारावर एकमेकांचा उजेड न अडवता पायऱ्यांसारखी रचलेली ती वस्ती १९५० च्या दशकात युद्धानंतर जो चॉल-जे यांच्या तेगुकदो पंथाच्या अनुयायांनी उभी केली होती. जिरी डोंगरातील चॉंगहाकदोंगची अवस्था उलट आहे. केसांचा बुचडा आणि पांढरा पारंपरिक पोशाख यांमुळे ते 'जुन्या कोरियाचे गाव' म्हणून दाखवले जाते, मात्र तेथील रहिवासी गेंगजॉंगयुदो या विसाव्या शतकातच स्थापन झालेल्या पंथाचे आहेत, हे सहसा सांगितले जात नाही.

या क्षेत्रात पाय रोवून काम करणाऱ्यांत ई गांग-ओ यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. जॉनजू येथील विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी अनेक दशके पायी हिंडून पंथांची पत्रके, हस्तलिखिते आणि मुलाखती जमवल्या आणि १९९२ मध्ये त्यांचा प्रचंड संकलनग्रंथ निघाला. त्यातील कित्येक पंथांची नोंद अन्यत्र कोठेही नाही. र्यु ब्यॉंग-दॉक यांनी 'सामान्य जनांचा धर्म' ही दृष्टी दिली. त्यांचे विद्यापीठ वॉन बौद्ध पंथाने स्थापन केलेले आहे, तर देसून जिल्लीह्वेने १९९० च्या दशकात स्वतःचे विद्यापीठ उभारले. पंथानेच पोसलेल्या विद्यापीठात पंथाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा कागदपत्रे सहज मिळतात, पण काही प्रश्न विचारायचे राहून जातात. याच्या दुसऱ्या टोकाला ताक म्यॉंग-ह्वान होते. प्रॉटेस्टंट भूमिकेतून पाखंड उघडकीस आणण्यासाठी त्यांनी माहिती गोळा केली आणि १९९४ मध्ये एका चर्चच्या अनुयायाने त्यांची हत्या केली. त्यांचे निष्कर्ष अनेकदा एकांगी आहेत, मात्र त्यांनी जपलेली पत्रके अमोल आहेत.

आकडेवारीविषयी एवढेच सांगणे पुरे की २०१५ च्या जनगणनेत देसून जिल्लीह्वेचे अनुयायी म्हणून सुमारे ४१,००० लोकांनी नोंद केली, तर पंथाचा स्वतःचा दावा साठ लाखांचा आहे. चॉन्दोग्योची संख्या २००५ मध्ये सुमारे ४६,००० होती आणि दहा वर्षांनी ६६,००० झाली. पण दरम्यान सरसकट गणनेऐवजी नमुना पद्धत आली होती, त्यामुळे ही वाढ खरी मानण्याची घाई करू नये. शिवाय अनेक कोरियन माणसे मंत्र जपतात, वार्षिक विधींना जातात, आणि धर्माच्या रकान्यात 'कोणताही नाही' असे लिहितात.

ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथांचा विचार या ग्रंथात मुख्य प्रवाहाशी संबंध येईल तेवढाच केला आहे. कोरियन नावे उच्चाराला जवळ जातील अशा बेताने देवनागरीत लिहिली असून आडनाव आधी ठेवले आहे. पंथाचा निर्देश त्याचे अनुयायी वापरतात त्या नावाने केला आहे. एकाच पंथाची काळानुसार वेगवेगळी नावे असतील तर त्या त्या वर्षीचे नाव घेतले आहे. 'हुम्चीग्यो' हा शब्द जेथे आलेला आहे तेथे तो पोलिसांच्या कागदातून जसाच्या तसा घेतलेला आहे, असे समजावे.